नामावळीतला व्हायरस

एकाच घरी, एकाच कामासाठी पाचव्यांदा जिना चढायचा म्हणजे स्वतःचीच लाज वाटायला लागते. त्यात तिसरा मजला, लिफ्टला महिनाभर 'बंद आहे'ची पाटी आणि खांद्यावर लॅपटॉपची बॅग. दुसऱ्या मजल्यावर दम खायला थांबलो आणि त्या व्हायरसला आमच्या पेठकडच्या बोलीतल्या चार शिव्या हासडल्या. मराठीतल्या आधीच्या चार खेपांत संपल्या होत्या.

मी पुंजा भोये. शहरात पेठ नाक्याला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, एक टेबल, दोन खुर्च्या आणि लोकांनी टाकून दिलेल्या कीबोर्डांचा ढीग. गाव सोडून वीस वर्षं झाली. 'पुंजाकडे दिलं की काम फत्ते' असं लोक म्हणायचे. बाळाजीगुरुजींच्या कॉम्प्युटरनं मात्र माझ्या त्या नावाची पार माती केली होती.

गुरुजींचा फ्लॅट पंचवटीत, गंगेपासून पाच मिनिटांवर. घरात ते आणि त्यांची सून, आभावहिनी. मुलगा पुण्याला नोकरीला. गुरुजी शहात्तर वर्षांचे, तीर्थोपाध्याय. बाहेरगावचे लोक रामकुंडावर अस्थी घेऊन येतात, श्राद्धाला येतात, त्यांचे विधी यांच्या घराण्याकडे. आणि यांच्या घराण्याकडे नामावळ. गाववार, आडनाववार वह्या. कोण आलं, कोणाचा मुलगा, कोणाचा नातू, सोबत कोण होतं, सगळं लिहिलेलं. वाशीमकडचा कोणी पोरगा बापाच्या अस्थी घेऊन येतो, त्याला स्वतःच्या पणजोबाचं नाव माहीत नसतं, आणि गुरुजी वही उघडून वाचतात की तुझा पणजोबा अमुक साली इथं येऊन गेला, हा त्याचा अंगठा. मी एकदा तसा एक माणूस त्यांच्या हॉलमध्ये बघितला. चांगला पन्नाशीचा, ढसाढसा रडत होता.

या वह्यांची एक रीत आहे. वही जीर्ण झाली, पानाचा भुगा व्हायला लागला, की ती नव्या वहीत उतरवायची आणि जुनी गंगेत सोडायची. फेकायची नाही, जाळायची नाही, विसर्जन करायची. गुरुजींच्या आज्यानं केलं, वडिलांनी केलं. गुरुजींनीही तेच केलं, फक्त नवी वही म्हणून कॉम्प्युटर घेतला. सहा वर्षं रोज चार तास बसून, मोडीतून वाचून, एका बोटानं त्यांनी अकरा वह्या टाइप केल्या. एक संपली की सोडली गंगेत. अकराच्या अकरा गेल्या.

आणि मग डोळे गेले. पूर्ण नाही, पण मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं. डॉक्टर म्हणाले आहे एवढं राखा. कॉम्प्युटरवर अक्षर बोटाएवढं करून ते कसंबसं वाचायचे. म्हणजे त्या अकरा वह्या आता जगात एकाच जागी होत्या, आणि त्या जागेत किडा शिरला होता. आता बोला!

पहिल्या खेपेला मी गेलो तेव्हा दिवाळी नुकतीच झाली होती. गुरुजींनी दारातच विचारलं, "गाव कोणतं आपलं? आडनाव?" त्यांचा धंदाच तो, येईल त्याला विचारतात. मी म्हणालो, "पेठ तालुका. पुंजा भोये." "असं असं," म्हणाले, "बसा पुंजाराव." मी हॉलमध्ये बसलो. कॉम्प्युटर आतल्या खोलीत होता. तिथंच देवघर, तिथंच उरलेल्या वह्यांची बासनं. वहिनी म्हणाल्या, "आत सगळं सोवळ्याचं आहे दादा, मी आणते ना बाहेर." आणि त्या बाईनं तो जड सीपीयू दोन्ही हातांनी उचलून माझ्यापुढे आणून ठेवला. नंतर दरवेळी तेच झालं. आत या असं कोणी म्हणालं नाही. नका येऊ, असंही कोणी म्हणालं नाही. चहा मात्र दरवेळी मिळायचा, आणि चहा फक्कड.

व्हायरस जुन्या चालीचा होता. तुमचा खरा फोल्डर लपवायचा आणि त्याच नावाचा, तसाच पिवळा, खोटा फोल्डर पुढे करायचा. तुम्ही सवयीनं त्यावर डबल क्लिक केलं की हा घरात शिरला. वर खरा फोल्डरही उघडून देतो, म्हणजे तुम्हाला संशयसुद्धा येत नाही. मी अर्ध्या तासात साफ केला, ऐटीत म्हणालो, "आता नाही यायचा."

आठ दिवसांत आला.

दुसऱ्यांदा साफ केला, पुन्हा आला. तिसऱ्यांदा सगळं खरवडून विंडोज नव्यानं टाकली, नावं जपून बाजूला काढून परत भरली आणि लोकांच्या घरची नावं म्हणून माझ्याकडची प्रत पुसून टाकली. तरी आला! मी वहिनींच्या मोबाइलवर संशय घेतला, शेजारच्यांच्या वायफायवर घेतला, गुरुजी गुपचूप काहीतरी डाउनलोड करतात असंही बोलून बसलो. गुरुजी हसले. म्हणाले, "पुंजाराव, मला पडद्यावर धड गणपती दिसत नाही, मी काय डाउनलोड करणार?" मी विचारलं, "बाहेरचा पेन ड्राइव्ह कोणी लावतं का?" दोघंही एका सुरात म्हणाले, "छे! बाहेरचा कुठलाच नाही." खोटं बोलणारी माणसं नव्हेत ती. मी चौथ्यांदा साफ केला आणि हात टेकले.

काय सांगू, त्या दोन महिन्यांत मला इतका कंटाळा आला होता की कोणाचाही फोन वाजला तरी उचलावासा वाटायचा नाही. घरी बायको म्हणायची, एका म्हाताऱ्यापायी किती फेऱ्या मारणार. पण सोडवत नव्हतं. एक तर माझी चिडचिड, आणि दुसरं ते नावांचं. आम्हा आदिवासींकडे कोणाचं नाव कुठं लिहिलेलं नाही. माझ्या आज्याच्या बापाचं नाव मला ठाऊक नाही, सांगणारं कोणी उरलं नाही. म्हणून की काय, दुसऱ्यांची ती लिहून ठेवलेली नावं जाऊ नयेत असं फार वाटायचं.

चौथ्या खेपेनंतर पाचव्या दिवशी सकाळी वहिनींचा फोन आला. आवाज फाटलेला. "दादा, काहीच उघडत नाही हो. सगळ्या फाइलींची नावं बदललीत, इंग्रजीत काहीतरी लिहून आलंय."

सीपीयू नेहमीसारखा हॉलमध्ये आला. मी बॅगेतला माझा छोटा पडदा लावून बघितलं आणि खाली बसलो. एकेका गावाच्या फाइलीला पाच इंग्रजी अक्षरांचं शेपूट लागलेलं, आत नुसता कचरा, आणि पडद्यावर निरोप की पैसे भरा, मग उघडून देतो. म्हणजे तो छोटा किडा नेटवरून थोरला घेऊन आला होता. हा थोरला फाइली पळवत नाही, जागच्या जागी कुलूप घालतो. किल्ली त्याच्याकडे. पैसे भरूनही देईल याची खात्री कोणी देऊ नये.

"गुरुजी," मी म्हणालो, "हे माझ्याच्यानं उघडणार नाही. कोणाच्याच नाही."

मला वाटलं म्हातारा कोसळेल. पण ते शांत. खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, "प्रत आहे हो. घाबरता कशाला?"

"कसली प्रत?"

"नामावळीची. रोज संध्याकाळी आरती झाली की मी पेन ड्राइव्हवर उतरवून घेतो आणि देवात ठेवतो. चांदीच्या डबीत, बाळकृष्णाशेजारी. काल संध्याकाळचीही आहे."

माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला, आणि रागही इतका आला की काय सांगू. "गुरुजी! मी विचारलं होतं ना, पेन ड्राइव्ह लावता का म्हणून?"

"तुम्ही बाहेरचा विचारलात. हा घरचा. देवातला."

"कधी बाहेर गेला होता का तो? आठवा बरं."

त्यांनी आठवलं. पितृपक्षाच्या आधी एकदा, याद्या छापायला गंगाघाटाजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे. घरी आणल्यावर त्यावर गंगेच्या पाण्याचा थेंब शिंपडून आत घेतला होता. पुसून, वाळवून. वहिनी खाली मान घालून उभ्या होत्या. मी कपाळावर हात मारला. दोन महिने मी बाहेर बसून कॉम्प्युटर धुतोय, आणि घाण आत बाळकृष्णाशेजारी बसलेली. रोज आरतीनंतर परत यायची.

पण रागापेक्षा आनंद जास्त होता, खरं सांगतो. त्या पेन ड्राइव्हवर किडा असला तरी नावं शाबूत होती. थोरला रात्री आला, तेव्हा पेन ड्राइव्ह डबीत होता.

"तो माझ्याकडे द्या," मी म्हणालो. "माझ्या लॅपटॉपवर दुसरी सिस्टीम आहे, तिला हा व्हायरस चावत नाही. दहा मिनिटांत नावं वेगळी काढून देतो."

गुरुजी खुर्चीत पुढे सरकले. मग वहिनींच्या दिशेनं बघून हळूच म्हणाले, "तो देवातला आहे. तो बाहेर नाही आणत."

"झेरॉक्सला नेला होता ना?" हे तोंडावर आलं होतं, गिळलं. "मग मी..." म्हणालो आणि तिथंच अडलो. मग मी आत येतो, एवढंच म्हणायचं होतं. चार शब्द. वीस वर्षांत मी या शहरात कितीतरी घरांत शिरलो, कपाटांच्या मागे लोळून वायरी ओढल्या. त्या घरात मात्र जीभ उचलली नाही. कोण काय म्हणेल आणि आपल्याला काय ऐकून घ्यावं लागेल, त्यापेक्षा नकोच. दमलेला माणूस असाच विचार करतो.

"मग असं करू," मी म्हणालो, "मी आधी कॉम्प्युटर पूर्ण नव्यानं करतो. त्यावर चांगला अँटीव्हायरस बसवू. तो बसला की पेन ड्राइव्ह लावायचा, उघडायचा नाही, नुसता लावायचा. अँटीव्हायरस त्याला धुऊन काढेल. मी सांगेपर्यंत त्या डबीला हात लावायचा नाही. कबूल?"

"कबूल," गुरुजी म्हणाले.

दीड तास लागला. नवी विंडोज टाकली. अँटीव्हायरस नेटवरून उतरवायचा होता, आणि नेटची वायर आतल्या खोलीत. वहिनी सीपीयू आत घेऊन गेल्या, मी इकडून सांगत गेलो तसं त्यांनी जोडलं. उतरायला अर्धा तास दाखवत होतं. मी पुन्हा बजावलं, "गुरुजी, अर्धा तास." आतून आवाज आला, "हो हो." वहिनी स्वयंपाकघरात नैवेद्याच्या घाईत होत्या, त्यांचा कुकर वाजत होता. मी हॉलमध्ये चहा घेत बसलो. दोन महिन्यांत पहिल्यांदा पाठ टेकली आणि डोळे मिटले.

तेवढ्यात आतून टुंग असा आवाज झाला.

हा आवाज मी दिवसातून शंभरदा ऐकतो. पेन ड्राइव्ह लावला की कॉम्प्युटर असा वाजतो. मी कप तसाच टाकून धावलो. तो हॉल ते आतली खोली, आठ-दहा पावलं. धावलो आणि उंबऱ्याशी येऊन थांबलो.

गुरुजी पडद्याला नाक लावून बसले होते. हातात माउस. अक्षरं बोटाएवढी केलेली. पडद्यावर पिवळा फोल्डर आणि खाली 'नामावळ'.

"गुरुजी, उघडू नका!"

"नुसतं बघतो हो," ते म्हणाले, "नावं आहेत ना तेवढंच." आणि बोट दोनदा खाली गेलं.

फोल्डर उघडला. आत गावांची नावं ओळीनं. गुरुजींचा चेहरा असा खुलला! "आहेत, आहेत पुंजाराव, सगळी आहेत."

मी पडद्याकडे बघत होतो. यादीतल्या पहिल्या गावाला शेपूट लागलं. मग दुसऱ्याला. नेट चालू होतं, छोट्यानं थोरल्याला हाक मारली होती, आणि तो वरून खाली एकेक गाव घेत निघाला होता.

"काढा! तो काढा, गुरुजी! ओढून काढा!"

ते गोंधळले. हात सीपीयूकडे गेला. आधी माउसची वायर हाताला लागली, मग कीबोर्डची. त्यांना मधलं दिसत नाही. बोटं चाचपडत होती, पेन ड्राइव्हच्या दोन बोटं वर, दोन बोटं खाली. "कुठंय? कुठंय तो?" "खाली! डावीकडे! नाही, खाली!" मी ओरडत होतो, हातवारे करत होतो, वहिनींना हाका मारत होतो. कुकरच्या शिटीत त्यांना काय ऐकू जाणार! आणि माझे पाय उंबऱ्याच्या अलीकडे. मला कोणी धरलं नव्हतं. समोर कोणी उभं नव्हतं. दोन ढांगा टाकल्या असत्या तर हात पोचला असता. मी तिथंच उभा राहून ओरडत राहिलो, आणि यादी शेवटपर्यंत गेली.

किती वेळ? वीस सेकंद. तीस धरा. साध्या लिहिलेल्या फाइली त्या, किती वेळ लागणार.

गुरुजींच्या हाती अखेर तो पेन ड्राइव्ह आला. त्यांनी ओढून काढला, मुठीत घट्ट धरला आणि माझ्याकडे, म्हणजे माझ्या जरा बाजूला बघत विचारलं, "वाचली ना?"

मी म्हणालो, "नाही गुरुजी."

वहिनी हात पुसत आल्या. त्यांनी पडदा बघितला, सासऱ्यांची मूठ बघितली, मग मला बघितलं. आणि त्या बोलल्या ते मी आजवर विसरलो नाही. "अहो, मग तुम्ही आत का नाही आलात?"

माझं डोकंच फिरलं. "वहिनी, पाच वेळा हा सीपीयू उचलून बाहेर कोणी आणून दिला?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "जड आहे, तुम्हाला पाय धुवायला लावायचे, कशाला त्रास, म्हणून आणत होते मी. नेटवाला येतो ना, तो पाय धुऊन आत येतो."

हे खरं असेल. नसेलही. मला आजही सांगता येणार नाही. मी विचारलं असतं तर ते काय म्हणाले असते हे मला कधीच कळणार नाही, कारण मी विचारलंच नाही. चुकलं कोणाचं म्हणाल तर गुरुजींनी ऐकलं नाही, वहिनींनी बोलावलं नाही, आणि मी तरणाताठा माणूस दोन ढांगा हललो नाही. या तिघांत मला माझाच राग सगळ्यात जास्त येतो.

मी बॅग आवरायला लागलो. चार्जर, वायरी आत कोंबल्या. तेवढ्यात आतून गुरुजींची हाक आली.

"पुंजाराव, आत या."

मी मोरीत पाय धुतले आणि गेलो. खोली लहानच. भिंतीला देवघर, कपाटात उरलेली लाल बासनं आणि जमिनीवर एक चटई. गुरुजींनी मला खुर्चीत बसवलं, स्वतः चटईवर बसले. आवाज अगदी नेहमीसारखा होता, त्यामुळे मला जास्तच कसंतरी झालं.

"नवी वही उघडा," म्हणाले. "मी लिहिलंय ते. सहा वर्षं. माझ्या डोक्यात असणारच की. मी सांगतो, तुम्ही टाइप करा."

मी नेटची वायर उपटली. कॉम्प्युटर पुसून पुन्हा सगळं नव्यानं करायला हवं होतं, पण ते सांगायची ताकद माझ्यात नव्हती. माझा लॅपटॉप काढला, मांडीवर घेतला आणि कोरं पान उघडलं. वहिनी दारात येऊन बसल्या.

गुरुजींनी डोळे मिटले. "मौजे धामणी. आडनाव ठोंबरे. महादू. महादूचा राघो. राघोचे दोन, बापू आणि सखाराम." मी टाइप करत गेलो. त्यांना लय होती, संध्येची असते तशी. "बापूचा..."

ते थांबले. मी थांबलो. त्यांनी परत पहिल्यापासून म्हटलं, जरा जोरात. महादू, महादूचा राघो, राघोचे दोन, बापू आणि सखाराम, बापूचा. पुन्हा तिथंच अडले. ओठ नुसते हलत होते. तिसऱ्यांदा म्हटलं, या वेळी बोटांवर मोजत.

"पुढचं, गुरुजी?" मी विचारलं.

त्यांनी डोळे उघडले आणि कॉम्प्युटरकडे हात केला.

"पुढचं त्यात होतं," ते म्हणाले.